गोव्यात घेतलेली शिडाची बोट नेरूळ-बेलापूरला आणायची कशी

शिडाची जुनी बोट घ्यायची म्हटलं की नवी मुंबईतल्या माणसाचा सौदा बऱ्याचदा गोव्यात होतो. फोटो येतात, शनिवार-रविवारी जाऊन बघणं होतं, इसार दिला जातो, आणि मग पहिला प्रश्न ठरलेला: "तिथून निघायचं कधी?" माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी विचारायचं की बोट नक्की कुठे बांधणार, तिथे ओहोटीला पाणी किती राहतं, आणि वाटेत कुठल्या पुलाखालून जायचं आहे. गोवा ते मुंबई हे अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आत-बाहेर आहे (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर). त्यातले शेवटचे चार-पाच मैल बाकी सगळ्या प्रवासाचं वेळापत्रक ठरवतात. म्हणून आखणी घरापासून गोव्याकडे, उलटी करायची.

त्याआधी एक रोखठोक सल्ला. बोट वीस फुटांच्या आतली असेल आणि तुम्ही याआधी फक्त बंदरात शीड हाकलं असेल, तर डोलकाठी उतरवा, बोट ट्रेलरवर चढवा आणि मुंबई-गोवा महामार्गाने आणा. त्यात कमीपणा काही नाही. पुढचं सगळं पंचवीस ते बत्तीस फुटी, आत इंजिन असलेल्या, झोपायला जागा असलेल्या बोटीसाठी आहे.

आधी दोन उंच्या मोजा

टेप घेऊन दोन आकडे स्वतः काढा. मालक सांगेल त्यावर जाऊ नका. पहिला, पाण्याच्या पातळीपासून कीलच्या (बोटीच्या पोटाखालच्या उभ्या, जड कण्याच्या) तळापर्यंतची खोली. दुसरा, पाण्याच्या पातळीपासून डोलकाठीच्या टोकापर्यंतची उंची, वरची अँटेना, दिवा आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा काटा धरून. दुसरा आकडा गोव्यात कुणाला पडलेला नसतो, कारण तिथे बहुतेक बोटी पुलांच्या अलीकडेच उभ्या असतात. आपल्याकडे तोच आकडा नडतो.

मुंबई बंदरातून नवी मुंबईकडे येताना आता अटल सेतू ओलांडावाच लागतो. शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा पूल १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला. त्याआधीच्या चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, तो नाही, आणि जुन्या बोटीसोबत मिळणारे चार्ट हमखास जुने असतात. खालून जायचं ते जहाजांसाठी राखलेल्या, खुणा केलेल्या गाळ्यांतूनच. पुढे पनवेल खाडीत शिरलात की उलव्याकडे जाणारा आम्रमार्गाचा पूल आणि उरण लोकलचा पूल आहे. तुमची जागा या पुलांच्या अलीकडे आहे की पलीकडे, ते आधी पक्कं करा. पलीकडे असेल तर डोलकाठी आडवी करता येते का आणि ते काम कुठे करायचं, हेही आत्ताच ठरवा. ऐरोली किंवा ठाण्यापर्यंत उभ्या डोलकाठीने जायचं स्वप्न मात्र सोडून द्या. वाशीचे खाडीपूल आणि रेल्वेपूल आडवे येतात, आणि त्यापुढे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, जिथे वनखात्याला विचारल्याशिवाय बोट घालायची नाही.

आता मेख कुठे आहे ती बघा. चार्टवरची खोली ही अगदी खालच्या ओहोटीपासून मोजलेली असते, आणि पुलाखालची मोकळी उंची मोठ्या भरतीच्या पातळीपासून. पाणी चढलं की कीलखाली जागा वाढते आणि डोलकाठीवर कमी होते. उतरलं की उलट. समजा पुलाखाली मोठ्या भरतीला १२ मीटर उंची आहे आणि तुमची डोलकाठी ११.७ मीटर. कागदावर बोट जाते. पण मागून लाँच गेली, लाट उठली की ते तीस सेंटिमीटर कुठल्या कुठे जातात. मी निदान एक मीटर मोकळा धरतो. तो मिळत नसेल तर पाणी अर्ध्यावर असताना पूल ओलांडायचा, पण मग कीलखालचा गाळ बघावा लागतो. या दोन्ही अटी पुऱ्या होतात असा दिवसातला तास-दोन तासांचा वेळ तुम्हाला शोधायचा आहे.

खाडीतल्या गाळाची खबर चार्टपेक्षा दिवाळे आणि सारसोळेच्या कोळीवाड्यात चांगली मिळते. पुलांची कामं झाली, भराव पडले, की प्रवाह जागा बदलतो, आणि ते रोज होडी घालणाऱ्याला आधी कळतं. सकाळी मासे उतरत असताना जाऊ नका, तेव्हा कुणाला वेळ नसतो. दुपारी जाळी विणत बसलेल्या एखाद्या काकांना विचारा, "काका, ओहोटीला खाडीच्या मधोमध किती वाव पाणी राहतं? आणि काठ कुठला धरायचा?" एक वाव म्हणजे साधारण १.८ मीटर. उत्तर कधी हातवाऱ्यांत येईल, कधी खांबांच्या नंबरात. लिहून घ्या. त्यांच्यातल्याच कुणी शेवटच्या दिवशी सोबत यायची तयारी दाखवली तर योग्य मेहनताना ठरवून घ्या. सगळ्या प्रवासात याहून सार्थकी लागणारा खर्च दुसरा नाही.

पंचांग काढा

मुंबईच्या किनाऱ्यावर एक जुना हिशोब चालतो: तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. दिवसातून दोनदा भरती, मधलं अंतर बारा तासांहून थोडं जास्त. हा अंदाज आहे, नेमकी वेळ आणि उंची भरती-ओहोटीच्या कोष्टकातूनच घ्यायची (भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी ती छापतो). पण आखणी करताना तिथीचा हिशोब फार सोयीचा पडतो.

खाडीत शिरायचं ते चढत्या पाण्यात, साधारण अर्धी भरती झाल्यावर. बोट गाळात टेकली तरी मागून येणारं पाणी तासाभरात उचलतं. ऐन भरतीच्या टोकाला शिरून टेकलात तर पाणी उतरू लागतं आणि पुढचे बारा तास तिथेच काढावे लागतात. उधाण उतरतीला लागलेलं असेल तर बारा तासांनीही तेवढं पाणी येत नाही, आणि मग पुढच्या उधाणाची वाट बघायची.

मला सोयीची वाटते ती वद्य द्वितीया ते चतुर्थी. तृतीयेचं बघा: पूर्ण भरती दुपारी सव्वादोनच्या सुमारास, म्हणजे सकाळी आठपासून पाणी चढायला लागतं. आठ-साडेआठला मांडव्याहून, म्हणजे अलिबागच्या बाजूच्या शेवटच्या मुक्कामावरून, निघालात तर भरतीचा ओढा तुम्हाला अख्ख्या बंदरातून आत घेऊन येतो, अकरा-साडेअकराला अर्ध्या पाण्यावर खाडीचं तोंड, आणि दुपारी सुटणारा पश्चिमेचा वारा पाठीवर.

आता तिथून मागे मोजा. सात दिवस प्रत्यक्ष प्रवासाचे, दोन दिवस वारा, आजारपण किंवा दुरुस्तीसाठी राखीव, आणि शेवटचा दिवस खाडीचा. म्हणजे गोवा सोडायचा शुद्ध नवमीच्या आसपास. यात आणखी एक फायदा आहे. द्वादशीपासून पुढे पहाटेपर्यंत चंद्र आकाशात असतो, आणि तुम्हाला रोज पहाटेच निघायचं आहे.

पहाटे का?

शाळेत शिकलेले खारे आणि मतलई वारे इथे पहिल्यांदा उपयोगी पडतात. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तुम्हाला तो उजव्या कुशीवर मिळतो, आणि किनारा आडोशाला असल्याने पाणी सपाट असतं. बोट उत्तरेकडे अशी पळते की इंजिनाची आठवण येत नाही. नऊ-दहाला तो पडतो. तास-दोन तास काहीच नाही, शीड लोंबतं, इंजिन लावा. मग बारा-एकला वायव्येकडून खारा वारा उठतो, म्हणजे थेट तुमच्या तोंडावर, आणि संध्याकाळपर्यंत वाढतच जातो. मार्चनंतर तर तो चांगलाच जोरदार असतो. त्याच्याविरुद्ध नागमोडी काढत बसण्यापेक्षा पहाटे चारला नांगर उचला आणि दुपारी दोनच्या आत दुसऱ्या बंदरात टाका.

महिने कोणते, तर डिसेंबर ते फेब्रुवारी. याच काळात किनाऱ्यालगतचा समुद्री प्रवाहही उत्तरेकडे वाहतो. वेग फार नाही, पण फुकटचा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश निवळतं आणि मोह होतो, पण फयान वादळ कोकणावर आलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला. तौक्ते १७ मे २०२१ ला मुंबईजवळून गेलं, निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला आदळलं. म्हणजे पावसाळ्याच्या दोन्ही उंबरठ्यांवर जोखीम आहे. हिवाळ्यातही उत्तर भारतात थंडीची लाट येऊन गेली की इकडे दोन-तीन दिवस उत्तरेचं वारं दिवसरात्र झोडपतं. राखीव दिवस त्यासाठीच. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) लाटांचा अंदाज रोज संध्याकाळी बघायचा. दोन्हींत मतभेद असेल तर जो जास्त वाईट सांगतो त्याचं ऐकायचं.

बोट हातात घेतल्यावर

ताबा मिळाला त्याच दिवशी निघणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका. चार-पाच दिवस मांडवी नदीच्या तोंडाशी बोटीत राहा, रोज बाहेर काढा, आग्वादच्या बाहेरच्या लाटांत दोन-तीन तास घोळवा. नव्याने घेतलेल्या बोटीचे दोष पाणी हलल्याशिवाय बाहेर पडत नाहीत.

सगळ्यात दगाबाज जागा म्हणजे डिझेलची टाकी. बोट वर्ष-दोन वर्षं जागेवर उभी असते, टाकीच्या तळाशी पाणी आणि काळा चिखलासारखा साका साचतो. बंदरात इंजिन घड्याळासारखं चालतं. बाहेर लाटांत टाकी ढवळली की तो साका फिल्टरमध्ये चढतो आणि इंजिन धापा टाकत बंद पडतं, नेमकं खडकांच्या बाजूला वारा असताना. फिल्टरची काचेची वाटी खोला, टॉर्चच्या उजेडात बघा. तळाला पाण्याचा थर किंवा काळे कण दिसले तर टाकी रिकामी करून आतून पुसून घ्या, झाकण उघडायला लागलं तरी. वर चार-पाच जादा फिल्टर सोबत ठेवा, आणि ते बदलून झाल्यावर नळीतली हवा कशी काढायची ते मेकॅनिककडून शिकून घ्या. त्याने करून दाखवलं यावर समाधान मानू नका, तुम्ही त्याच्यासमोर दोनदा करा.

दुसरी जागा नांगर. गोव्याला भरती-ओहोटीत दोन-सव्वादोन मीटरचा फरक, मुंबईला उधाणाला चार-साडेचारचा. गोव्याच्या पाण्यापुरती घेतलेली साखळी आपल्याकडे अपुरी पडते. हिशोब असा: ओहोटीला तीन मीटर पाणी, वर भरतीचे चार, पाण्यापासून नाळेपर्यंत (बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत) एक, झाले आठ. त्याच्या पाचपट, म्हणजे चाळीस मीटर साखळी-दोर बाहेर हवा. बोटीवर पंचवीसच निघाली तर तिथेच दोर जोडून घ्या. साखळीचं आतलं टोक बोटीला बांधलेलं आहे का, तेही बघा. हसू नका, नसतं.

बाकीचं भराभर. डोलकाठीला ताणणाऱ्या पोलादी तारांचे तुटलेले धागे कापसाचा बोळा फिरवून शोधा, अडकेल तिथे तार बदला. बोटीच्या तळातले सगळे पाण्याचे कॉक उघडझाप करून बघा आणि प्रत्येकाजवळ त्या मापाचं लाकडी बुच दोरीने टांगून ठेवा. उपसा पंप एक विजेचा, एक हाताचा. बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याच्या दांड्यापाशी पाणी ठिबकतं ते किती, हे मिनिटाला थेंब मोजून ठरवा. मार्गाचे दिवे: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा, आणि इंजिनवर चालताना डोलकाठीवर पुढे पांढरा. शीड कमी करायची दोरी दिवसाउजेडी ओढून बघा. प्रत्येक माणसाला लाइफजॅकेट आणि कमरेला बांधायचा पट्टा, रात्री आणि एकट्याने पहारा करताना तो बांधलेलाच.

कागद

२६ नोव्हेंबर २००८ नंतर या किनाऱ्यावर अनोळखी बोटीकडे कसं बघितलं जातं, ते वेगळं सांगायला नको. विक्रीचा करारनामा, आधीची नोंदणी, सर्व्हेचा दाखला, विमा, आणि सगळ्यांच्या आधारच्या प्रती प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत मूळ कागदांसह हाताशी ठेवा. महाराष्ट्रात बोट नांदणार असेल तर नोंदणीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या कार्यालयात निघण्याआधीच बोलून घ्या. गोव्यातून काय काय आणायचं ते तिथेच कळतं, आणि एखादा दाखला राहिला म्हणून पुन्हा पणजीला जावं लागत नाही. विम्याच्या पॉलिसीत बोट कुठल्या पाण्यात चालेल ते लिहिलेलं असतं. ते वाचा आणि या प्रवासापुरती वाढीव नोंद करून घ्या.

निघताना तिथल्या किनारी पोलिसांना आणि वाटेतल्या प्रत्येक मुक्कामी सागरी पोलिसांना बोटीचं नाव, रंग, माणसं आणि पुढचा टप्पा कळवा. घरीही एका माणसाकडे हेच लिहून द्या आणि ठरवा, रात्री अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर त्याने काय करायचं. समुद्रात संकट आलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, किनारी सुरक्षेसाठी १०९३. व्हीएचएफ रेडिओ सेट परवान्याचा असावा आणि चॅनल १६ वर सतत चालू. परदेशातून कुणी आणून दिलेला सॅटेलाइट फोन बोटीवर घेऊ नका; परवानगीशिवाय तो बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि त्यापायी लोक खरोखर अडकले आहेत.

टप्पे

ताशी चार मैल हा वेग धरा. बोट सहाने पळेल, पण सरासरी चारच पडते. खालची अंतरं सागरी मैलांत आणि ढोबळ आहेत. तुमची तुम्ही चार्टवर मोजा, डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे ताजे चार्ट घ्या. मोबाइलवरचं ॲप जोडीला असू द्या, पण मोबाइल तापतो, भिजतो आणि नेमका तेव्हाच चार्जर सापडत नाही.

आग्वाद ते वेंगुर्ला साधारण २५. पहिला दिवस मुद्दाम छोटा ठेवला आहे, काही बिघडलं तर परत फिरता येतं. वेंगुर्ल्याच्या बाहेर समुद्रात दीपगृह असलेले खडक आहेत, त्यांच्यापासून ऐसपैस लांब राहा.

वेंगुर्ला ते देवगड ३५. वाटेत मालवण लागतं आणि सिंधुदुर्ग बघून आत वळायचा मोह होतो. मालवणच्या समोर पाण्याखाली-पाण्यावर खडकांचा नुसता सडा आहे, आतली वाट माहीतगारानेच काढावी. तुम्ही तीन-चार मैल बाहेरून जा. देवगडचं बंदर मात्र सुंदर, डोंगराच्या कुशीत. हिवाळी वाऱ्यात तिथे गाढ झोप लागते.

देवगड ते रत्नागिरी ४०, हा सगळ्यात लांब टप्पा. दमलात किंवा वारा लवकर फिरला तर मध्ये विजयदुर्ग आहे. वाघोटन खाडीत आत गेलं की बाहेर काय चाललंय ते कळतही नाही. मला विचाराल तर रत्नागिरीपेक्षा मुक्कामाला विजयदुर्गच बरा, रत्नागिरीत मच्छीमार बोटींची गर्दी फार. मग विजयदुर्गाहून थेट जयगड गाठायचं, ४५ मैल, आणि त्यासाठी पहाटे नाही, मध्यरात्रीच निघायचं.

रत्नागिरी ते जयगड २०. जयगडच्या तोंडाशी मोठं बंदर आहे, अवजड जहाजं आत-बाहेर करतात, त्यांच्या वाटेत नांगर नको. जयगड ते हर्णै ३३. नांगर सुवर्णदुर्गाच्या आडोशाला. समुद्र खवळलेला असेल तर अलीकडे दाभोळची खाडी आहे, पण वाशिष्ठीच्या तोंडावर वाळूचा दांडा आणि फुटणाऱ्या लाटा असतात, तिथे चढत्या पाण्यावरच शिरा. हर्णै ते राजपुरी-दिघी ३०, जंजिऱ्याच्या आत शांत पाणी.

दिघी ते मांडवा ३३. इथून समुद्राचं रूप बदलतं. पाणी गढूळ, उथळ, भरतीचा ओढा जाणवण्याइतका. रेवदंड्याबाहेर चौल कडूचा खडक, पुढे अलिबागच्या कुलाब्याभोवती खडक, मग खांदेरी-उंदेरी. खांदेरीच्या बाहेरून, पश्चिमेकडून जायचं. बेटं आणि थळचा किनारा यांच्यामधून आखूड वाट काढायची नाही. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी, हे चारही किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि चारही समुद्राकडून दिसतात तसे रस्त्याने आलेल्याला कधी दिसत नाहीत. फोटो काढा, पण सुकाणू दुसऱ्याच्या हातात देऊन.

मांडव्यासमोर दुपारच्या वाऱ्यात बोट हेलकावते. रेवसच्या बाजूला पाणी शांत असतं, पण धरमतर खाडीत जाणाऱ्या बार्जची वाट सोडून नांगर टाका. राखीव दोन दिवस उरले असतील तर तृतीयेची वाट बघत इथेच काढा. अलिबागला जाऊन जेवून या.

जाळी

कोकण किनाऱ्यावर शिडाच्या बोटीला खडकांपेक्षा जाळ्यांचा त्रास जास्त. रात्री तर खुणा दिसतच नाहीत. थर्माकोलचा तुकडा, पांढरा कॅन, कधी लुकलुकणारा छोटा दिवा. रायगडच्या किनाऱ्याकडे डोलीचे (डोल जाळी बांधायचे) खुंट असतात, भक्कम आणि ओहोटीच्या वेळीच वर दिसणारे. दोन कॅन दिसले तर त्यांच्यामध्ये जाळं आहे असं धरूनच चाला आणि वळसा घ्या. जवळ होडी असेल तर तिच्याकडे वळवा, इंजिन हळू करा आणि हाक मारा, "ओ तांडेल, जाळं कुठवर हाय?" तो हात करून दाखवील. एखादा तर आपली होडी पुढे घालून वाट दाखवतो. मासेमारीत गुंतलेल्या बोटीला वाट द्यायची हा समुद्राचा नियमही आहे.

तरी पंख्यात जाळं अडकलंच, तर पहिलं काम गिअर काढून इंजिन बंद. पुढे-मागे करून सोडवायला जाऊ नका, दोर घट्ट पिळतो आणि नायलॉन वितळून दांड्याला चिकटतं. शीड वर घ्या किंवा उथळ असेल तर नांगर टाका. लाटा कमी असतील तरच एकाने कमरेला दोर बांधून, चष्मा आणि करवतीसारखी सुरी घेऊन खाली जायचं, इंजिनाची चावी खिशात घेऊन. आणि कापायच्या आधी आजूबाजूला बघा. जाळ्याचा धनी जवळपास असतो. त्याला बोलवा, तो तुमच्यापेक्षा लवकर सोडवील आणि त्याचं नुकसानही कमी होईल. कापावं लागलं तर पैसे द्या, घासाघीस न करता. ती बातमी पुढच्या बंदरात तुमच्या आधी पोहोचते.

माणसं

कमीत कमी तिघं, आणि त्यातला एक तरी हा किनारा जाणणारा. तसा कुणी ओळखीत नसेल तर पैसे देऊन कप्तान घ्या किंवा कोकणातला निवृत्त तांडेल (मच्छीमार बोटीचा प्रमुख). समुद्र लागणाऱ्यांना निघण्याआधी गोळी द्यायची, लागल्यावर देऊन उपयोग नाही. पहिले दोन दिवस गॅस पेटवायचा विचारच करू नका: दशम्या, चिवडा, केळी, लाडू, थर्मासमध्ये चहा. पाणी माणशी दिवसाला चार लिटर.

शेवटचा दिवस

मुंबई बंदरात शिरताना वाट दाखवणारे लाल बोये (तरंगत्या खुणा) डाव्या हाताला, हिरवे उजव्या हाताला. खरं तर तुम्हाला मोठ्या जहाजांच्या खोल वाटेत शिरायचं कारणच नाही. तिच्या कडेने, बाहेरून चाला. ओलांडायचीच असेल तर काटकोनात, झटकन. जेएनपीएकडे (न्हावा-शेवा बंदराकडे) जाणारं कंटेनर जहाज लांबून संथ वाटतं, पण त्याला तुमच्यासाठी थांबता येत नाही आणि वळताही येत नाही. इथे "शीड आहे, हक्क माझा" हे चालत नाही. मांडवा-गेटवेच्या बोटी आणि घारापुरीच्या लाँच आपापल्या वाटेने धावतात, त्यांच्या लाटांसाठी आतलं सामान बांधून ठेवा. नौदलाची गोदी, जवाहर द्वीपचा तेलधक्का, पीरपाऊ आणि ट्रॉम्बेचा अणुसंशोधन केंद्राचा किनारा यांच्यापासून चांगलं लांब. कुतूहलानेही जवळ जाऊ नका, आणि तिकडे कॅमेरा तर मुळीच रोखू नका.

घारापुरी मागे पडली की समोर अटल सेतू आडवा दिसतो. शिडं इथेच उतरवा, इंजिनवर या, नांगर सोडायच्या तयारीत ठेवा. पुलाखाली ओढा वाढतो, वारा खांबांमुळे फिरतो, आणि इंजिन बंद पडलं तर हातात फक्त नांगरच असतो. खालून बघताना डोलकाठी पुलाला लागणारच असं वाटतं, कितीही उंची शिल्लक असली तरी. म्हणून मोजमाप आधी केलेलं असलं पाहिजे. मग खाडीचं तोंड, कोळीवाड्यातून सोबत आलेल्या माणसाच्या हातात दिशा, तुमचं लक्ष खोली दाखवणाऱ्या यंत्रावर.

बोट बांधून झाली की लगेच घरी पळू नका. दोर ताठ बांधले असतील तर चार मीटर पाणी उतरल्यावर बोट दोरांवर लटकते. पहिली पूर्ण ओहोटी, म्हणजे त्या दिवशी रात्री आठ-साडेआठपर्यंत, बोटीवरच थांबा. कील गाळात सरळ रुतते की बोट एका कुशीवर कलते, सुकाणूखाली दगड आहे का, शेजारच्या बोटीला घासते का, हे टॉर्च मारून बघा. दोर सैल-घट्ट करा, घासणाऱ्या जागी जुन्या पाइपचे तुकडे चढवा, टायर लटकवा. तळातले कॉक बंद करा, बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा, आणि दुसऱ्या दिवशीच्या भरतीला पुन्हा एक चक्कर टाका.